नको-नको म्हणत अकराव्या खेळीला

११ मे २०१० या दिवशी भारताचे दोन सामने होते. एक वेस्ट इंडीजमधल्या सेंट ल्युशियाला, ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात, श्रीलंकेविरुद्ध. दुसरा बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियाच्या सेंट्रल मिलिटरी क्लबात, व्हेसेलिन टोपालोव नावाच्या गृहस्थाविरुद्ध. पहिल्यात आपले अकरा जण होते, दुसऱ्यात एक, बुद्धिबळपटू विश्वनाथन आनंद. अकरा जण शेवटच्या चेंडूवर षटकार खाऊन स्पर्धेबाहेर पडले. एकटा होता तो काळे मोहरे घेऊन छप्पन्न खेळ्या बसला आणि जगज्जेता राहिला. देशानं अर्थातच पहिला सामना बघितला.

यात देशाला बोल लावण्यात अर्थ नाही. बुद्धिबळ खेळणं अवघड आहे असं म्हणतात, पण ते बघणं त्याहून अवघड. क्रिकेटमध्ये काही घडलं नाही तर निदान काही घडलं नाही एवढं तरी कळतं. इथं एक माणूस वीस मिनिटं छताकडे बघतो, मग एक प्यादं एक घर पुढे सरकवतो, आणि समालोचक खुर्चीतून अर्धवट उठून म्हणतो, "बाप रे!" आपण त्या प्याद्याकडे निरखून बघतो. ते आधी होतं तसंच असतं, फक्त एक घर पुढे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो त्यात खेळाडूनं दोन्ही हातांनी डोकं धरलेलं असतं. जिंकला तरी तोच फोटो, हरला तरी तोच. मला तर संशय आहे की प्रत्येक वृत्तसंस्थेकडे प्रत्येक ग्रँडमास्टरचा एकच फोटो असतो आणि बातमी तेवढी बदलते.

त्यात आपल्याकडचे जाणकार. घोडा अडीच घरं चालतो एवढ्या भांडवलावर "आनंदनं इथं वजीर काढायला हवा होता" असं म्हणणारा काका प्रत्येक इमारतीत असतो. त्याच्यापेक्षा वरचढ म्हणजे ज्याला डावांची नावं पाठ आहेत तो: सिसिलियन, फ्रेंच, डच, कारो-कान. ही नावं तो अशा सुरात घेतो की त्या त्या देशात जाऊनच शिकून आला असावा. आणि अलीकडचा प्रेक्षक तर पट बघतच नाही. तो पटाशेजारची संगणकाची पट्टी बघतो. पट्टी पांढरी वर गेली की म्हणतो, "संपला काळा." जगातले दोन सर्वोत्तम मेंदू तिथं घाम गाळत असतात आणि हा त्यांना मोबाइलवरून नापास करतो.

पण सोफियाच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला ११ मेचा तो बारावा डाव मला फार आवडतो, आणि त्याचं कारण बुद्धिबळाइतकंच माणसांच्या स्वभावात आहे. बचाव म्हणजे घाबरून दार लावून बसणं, असं आपण समजतो. आनंदनं त्या दिवशी केला तो बचाव म्हणजे समोरच्याच्या उतावीळपणावर लावलेली पैज होती, आणि ती त्यानं सबंध जगज्जेतेपद पणाला लावून लावली होती.

मुळात तो सोफियाला पोचला हेच नशीब. एप्रिलच्या मध्याला आइसलंडमधला एक ज्वालामुखी जागा झाला. त्याचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल. जगभरच्या वृत्तनिवेदकांनी पहिले दोन दिवस ते म्हणायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवसापासून नुसतं "आइसलंडचा ज्वालामुखी" म्हणायला सुरुवात केली. राखेमुळे युरोपातली विमानं जमिनीवर. आनंद फ्रँकफर्टला अडकला. मग तो, पत्नी अरुणा आणि सोबतची मंडळी मोटारीनं निघाली. ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया करत सुमारे चाळीस तासांनी सोफिया. वाटेत गाडीत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे चित्रपट बघितले म्हणे. एका छोट्याशा गोष्टीसाठी अख्खा भूगोल पायाखाली घालणाऱ्यांची कथा बघत कार्पेथियन पर्वत ओलांडायचा, याला निवड म्हणतात.

एवढं झाल्यावर आनंदच्या बाजूनं तीन दिवसांची मुदत मागितली गेली. मिळाला एक. ज्वालामुखी हे कारण आयोजकांना पुरेसं वाटलं नसावं. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात रजेचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला हा हिशेब लगेच समजेल: तीन मागावेत, तेव्हा कुठे एक मंजूर होतो.

पहिल्या डावात तो तिसाव्या खेळीला हरला. दुसऱ्या दिवशी, २५ एप्रिलला, दुसरा डाव जिंकला. त्याच रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर चेन्नईनं मुंबईला हरवून आयपीएल जिंकली. आनंदही चेन्नईचाच, म्हणजे एका दिवसात चेन्नईचे दोन विजय. मुंबईकरांना त्यातल्या एकाचंच दुःख झालं, कारण दुसरा त्यांना कळलाच नाही.

आता टोपालोवबद्दल. माणूस जबरदस्त खेळाडू. आक्रमण हा त्याचा श्वास, आणि सामना त्याच्या घरच्या अंगणात. त्याच्या बाजूनं सिल्व्हियो दानाइलोव हे व्यवस्थापक. २००६ मध्ये एलिस्ताला क्रामनिकविरुद्ध टोपालोवचा जगज्जेतेपदाचा सामना झाला, तेव्हा याच दानाइलोवसाहेबांनी तक्रार केली होती की क्रामनिक फार वेळा स्वच्छतागृहात जातो. किती वेळा, तेही मोजलेलं. त्या भांडणात क्रामनिक एका डावाला खेळायलाच बसला नाही आणि तो डाव टोपालोवला फुकट मिळाला. बुद्धिबळाच्या हजार-दीड हजार वर्षांच्या इतिहासात हत्ती, घोडे, उंट यांच्याबरोबर संडासाचा समावेश तेव्हा पहिल्यांदाच झाला असावा. पुढे तो सामना रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या झटपट डावांवर गेला आणि टोपालोव हरला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, बाराव्या डावात ती परत डोकं वर काढते.

सोफियाची आणखी एक खासियत म्हणजे तिथला नियम. खेळाडूंनी आपापसात "बरोबरी?" असं विचारायचं नाही, लढायचं. २००५ च्या सोफियातल्या स्पर्धेपासून तो 'सोफिया नियम' म्हणून ओळखला जातो. या सामन्याला तो बंधनकारक नव्हता, पण टोपालोवनं आधीच जाहीर केलं की मी आनंदला बरोबरी सुचवणार नाही, त्याच्याशी बोलणारही नाही. काही असलं तर पंचांमार्फत. हा मानी अबोला चांगला दोन-अडीच आठवडे चालला. पटाच्या एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा, मध्ये हातभर अंतर, आणि निरोप पंचाकडून. पाचव्या डावात तर दिवेच गेले. त्या वर्षी महाराष्ट्रात लोडशेडिंग इतकं अंगवळणी पडलेलं होतं की आपल्यापैकी कुणी तिथं असता तर त्यानं आधी घड्याळ बघितलं असतं आणि "सव्वासातला येतील" असं सांगून टाकलं असतं.

अकरा डाव झाले तेव्हा दोघांचे साडेपाच-साडेपाच गुण. बारावा डाव शेवटचा. तो बरोबरीत सुटला तर रॅपिड. रॅपिड म्हणजे आनंदचं माहेर. लहानपणापासून तो इतक्या भरभर खेळायचा की प्रतिस्पर्ध्याला वाटायचं, याला दुसरीकडे कुठेतरी जायचंय. आणि टोपालोवच्या मनात रॅपिड म्हटलं की एलिस्ता. शिवाय शेवटच्या डावात पांढरे मोहरे त्याच्याकडे. म्हणजे करायचं ते आजच.

आनंदनं काय केलं? शंभर वर्षांपूर्वीचा बचाव काढला.

त्याची हकिगत थोडी सांगायला हवी. पांढऱ्यानं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं, मग शेजारचं प्यादंही पुढे करून म्हणायचं, "घ्या." हा क्वीन्स गॅम्बिट. काळ्यानं ते प्यादं घेतलं तर एक प्रकार, न घेतलं तर दुसरा. न घेणं हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. पाहुणा म्हणून गेलेला मराठी माणूस चहा विचारल्याबरोबर "नको नको, आत्ताच झाला" म्हणतो. त्याला चहा नको असतो असं नाही. त्याला पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं. थोडं बसायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, यजमान स्वयंपाकघराकडे किती वेळा बघतो ते पाहायचं, आणि मग "बरं, अर्धा कप." आनंदनं दुसऱ्या खेळीला "नको" म्हटलं. सातव्या खेळीला घोडा पटाच्या मध्यावर नेऊन ठेवला. आठव्याला दोघांचा एकेक उंट गेला, दहाव्या-अकराव्याला एकेक घोडा. आणि अकराव्या खेळीला, इतका वेळ नको-नको म्हणून दूर ठेवलेलं तेच प्यादं घेतलं. पांढऱ्यानं लगेच परत मारलं, म्हणजे कप घेतला आणि रिकामा करून परत दिला, हिशेब चुकता. घरात गर्दी कमी झाली, श्वास घ्यायला जागा झाली.

हा लास्कर बचाव. इमानुएल लास्कर, जर्मनीचा, १८९४ पासून १९२१ पर्यंत जगज्जेता. सत्तावीस वर्षं! आजकाल एका खुर्चीवर इतका काळ फक्त सहकारी संस्थांचे अध्यक्ष बसतात. हा बचाव त्यानं १९०७ मध्ये फ्रँक मार्शलविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात वापरला, आणि तो सामना आठ डाव जिंकून, सात बरोबरीत सोडवून, एकही न हरता खिशात घातला. मार्शल हाही टोपालोवच्याच पंथातला, हल्ल्याशिवाय चैन न पडणारा. लास्कर म्हणजे समोर कोण बसलंय ते बघून खेळणारा, असा त्याचा लौकिक. गणितातला पीएचडी होता, म्हणून लोकांनी त्याला तत्त्वज्ञानी वगैरे ठरवलं, पण त्याच्या या बचावात तत्त्वज्ञान कमी आणि व्यवहार जास्त. जागा अपुरी आहे ना? मग माणसं कमी करा. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

टोपालोवच्या दिमतीला रिब्का होता, म्हणजे त्या काळचा सर्वात बलाढ्य बुद्धिबळ प्रोग्रॅम, आणि तो पळवायला मोठा संगणक-समूह. समोर आला १९०७ सालचा मामला. संगणकाला तो काही नवीन नव्हता, पण त्यात भांडायलाच फारसं काही नव्हतं. तिथून पुढच्या पंधरा-वीस खेळ्या म्हणजे प्रेक्षकांची खरी परीक्षा. पांढऱ्याला किंचित वर्चस्व आहे, असं जाणकार म्हणत होते. किंचित वर्चस्व ही बुद्धिबळातली फार सोयीची गोष्ट आहे, ती दिसत नाही आणि नाकारताही येत नाही.

या काळात मला सर्वात मोहवणारं पात्र आहे ते काळ्याचा उरलेला एकुलता एक उंट. एकोणिसाव्या खेळीपर्यंत हा घरातून हललाच नाही. मग निघाला आणि एकदा या बाजूला गेला, एकदा त्या बाजूला, एकदा थेट शत्रूच्या प्रदेशात जाऊन आला, परत फिरला, पुन्हा मागे. पांढऱ्याच्या घोड्यानं हुसकला तसा अगदी कोपऱ्यात जाऊन बसला. एकूण सहा चाली. आणि सहा चालींनंतर हा पठ्ठ्या मूळ जागेपासून दोन घरांवर! त्याला हुसकून घोडाही परतला. त्या क्षणी पट बघितला असता तर कुणीही म्हटलं असतं, या उंटाचं काही खरं नाही.

पण कोपरा ही भलतीच जागा असते. तिथून तिरकी रेघ निघते ती थेट दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्या रेघेवर टोपालोवचा राजा उभा होता. मध्ये पांढऱ्याची स्वतःची प्यादी होती म्हणून ठीक चाललं होतं. राजाला झाकणारी भिंत त्याचीच, ती पाडायची की नाही हेही त्याच्याच हातात.

इथं आनंदनं प्यादी पुढे केली. तिसाव्या खेळीला एक. टोपालोवनं ते घेतलं. मग दुसरं प्यादं पुढे ढकललं, सरळ तोंडासमोर. घ्या. आणि बत्तिसाव्या खेळीला टोपालोवनं तेही घेतलं. दोहोंपैकी एकदाही "नको" म्हटलं नाही! अर्धा कप नाही, बशी नाही, सरळ भांडंच तोंडाला लावलं. त्याला जिंकायचं होतं, आज जिंकायचं होतं, रॅपिड टाळायचं होतं. नंतर त्यानं स्वतःच हे कबूल केलं. प्यादं खाल्ल्याबरोबर रेघ मोकळी झाली, काळा वजीर मध्यावर येऊन उभा राहिला, आणि कोपऱ्यातला तो सहा चाली भटकलेला उंट एकाएकी पटावरचा सर्वात धोकादायक प्राणी झाला.

मग सुरू झाली टोपालोवच्या राजाची पदयात्रा. आधी बाजूच्या पट्टीवर. मग त्याच पट्टीवर आणखी पुढे, आपल्या सगळ्या सैन्याला मागे टाकून, चौथ्या रांगेत. पुढे कुणी नाही, शेजारी काळ्याची प्यादी. बुद्धिबळात राजानं डावाच्या मध्यात घराबाहेर पडू नये असा संकेत आहे, आणि पडलाच तर निदान एकट्यानं पडू नये. आनंदच्या हत्तीनं वाटेतलं प्यादं मारून शह दिला, राजा एक घर मागे आला. पुढे पांढऱ्याला वजीर सोडावा लागला. हत्ती आणि घोडा घेऊन तो वजिराशी आणखी दहा खेळ्या झुंजला. छप्पन्नाव्या खेळीला पुढे झुंजायचं कारण उरलं नाही आणि टोपालोवनं डाव सोडला. साडेसहा विरुद्ध साडेपाच.

समालोचक तेव्हा काय म्हणाले ते महत्त्वाचं नाही. काका मंडळी मात्र दुसऱ्या दिवशी "मी तर आधीच म्हणत होतो" या मुद्द्यावर एकमतानं उभी होती. क्रिकेटवाल्यांवर राग काढून झाल्यावर, दुपारी.

सामना संपल्यावर आनंदनं सांगितलं की त्याच्या ठरावीक साथीदारांखेरीज तयारीत आणखी तिघांनी मदत केली होती: कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन. या तिघांकडे नीट बघावं. कास्पारोवनं १९९५ मध्ये न्यूयॉर्कला आनंदला हरवलं होतं. क्रामनिकला आनंदनं २००८ मध्ये बॉनला हरवलं होतं. आणि कार्लसन २०१३ मध्ये, आनंदच्या चेन्नईतच, त्याचं जगज्जेतेपद काढून घेणार होता. ज्यानं हरवलं तो, ज्याला हरवलं तो आणि जो हरवणार आहे तो, असे तिघं एका बाजूला बसवणं हे आनंदच्या स्वभावाशिवाय जमणारं नाही. टोपालोवबद्दलही या तिघांचं मत काय असेल त्याचा अंदाज येतो.

मे महिन्यात असं जगज्जेतेपद वाचवून माणूस मायदेशी आला की त्याचा बचाव संपला, असं वाटेल. पण ऑगस्टमध्ये हैदराबादला जगभरच्या गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, भारतात पहिल्यांदाच. तिथल्या विद्यापीठानं आनंदला मानद डॉक्टरेट द्यायचं ठरवलं. फाइल दिल्लीला मनुष्यबळ विकास मंत्रालयात गेली आणि तिथं कुणीतरी शंका काढली: हे गृहस्थ बरीच वर्षं स्पेनमध्ये राहतात, मग हे भारतीय नागरिक आहेत का? पद्मविभूषण दिलेला माणूस, ज्याच्या नावापुढे जगभरच्या पटांवर भारताचा झेंडा लागतो, त्यानं पासपोर्टची प्रत पाठवली. तरी फाइल हलेना. ओरड झाल्यावर मंत्री कपिल सिब्बल यांनी फोन करून दिलगिरी व्यक्त केली, पदवी घ्या म्हणाले. आनंद नको म्हणाला. अगदी नम्रपणे. आणि या वेळी अकराव्या खेळीलाही घेतली नाही.

परिषदेला मात्र तो गेला. लास्करच्या नावाचं एक प्रमेय, १९०५ सालचं, गणितज्ञ अजून शिकवतात, तेव्हा तिथल्या मंडळींशी आनंदचं नातं तसं दूरचं पण पक्कं. एकाच वेळी चाळीस पटांवर चाळीस जणांशी तो खेळला आणि एकोणचाळीस डाव जिंकला. चाळिसावा बरोबरीत सोडवला एका चौदा वर्षांच्या मुलानं. त्या मुलाकडे कुणी पासपोर्ट मागितल्याची बातमी काही वाचनात आली नाही.